अर्ध्यावर सोडलेली वाक्यं

धनवंताबाई बोलायला लागली की शेजारच्या कोंबड्याही गप्प बसत. पण मोटारसायकलवरून पडून कपाळाला मार बसला, नागपुरात ऑपरेशन झालं, आणि गावी, सालेकशाला परतली ती मुकीच. चालायची, जेवायची, सगळं ऐकायची. आपणहून मात्र शब्द नाही. विचारावं तर विचारलेलंच परत यायचं.

"माय, भूक लागली काय?" लेक मोनाली विचारी.

"भूक लागली काय?" माय म्हणे.

शेजारच्या शामकलाकाकूला वाटलं, चिडवून राहिली. मोनालीला तर रडूच येई.

एका सकाळी घाईत मोनालीची जीभ घसरली. "माय, म्हैस आला!"

"म्हैस आली," धनवंता म्हणाली.

मोनाली जागीच थबकली. मायनं चूक सुधारली होती! तिनं मुद्दाम म्हणून पाहिलं, "बाबा वावरात गेली."

"बाबा वावरात गेले."

तिनं लगेच डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, "मेंदूच्या पुढच्या भागाला इजा आहे. समज आहे, शब्दही आहेत, पण बोलणं सुरूच होत नाही. तुम्ही वाक्य सुरू करून अर्ध्यावर सोडा."

मोनालीनं तसंच करून पाहिलं. "चुलीवर शिजते..."

"भाजी."

"तलावात पोहते..."

"मासोळी."

मोनाली हरखली. शामकलाकाकू पाहायला आली, मग तिचे पाहुणे आले. जो तो अर्धं वाक्य टाकी आणि उत्तर आलं की टाळ्या पिटी. मोनालीही हौसेनं म्हणाली, "माय, आता मले..."

धनवंताचे ओठ कितीतरी वेळ नुसते हलले.

"मले झोपू दे."

मोनालीचं तोंड उतरलं. "जा आता घरी," ती पाहुण्यांना म्हणाली, आणि मायच्या अंगावर चादर ओढली.

त्यानंतर ती कामाचीच वाक्यं सुरू करी. "माय, पाठ..." "दुखते." "पाणी..." "नोको."

आठवडी बाजारात माल विकायला जाताना तिनं मायला सोबत नेलं. मोहफुलांच्या ढिगाशी एक गिऱ्हाईक थांबलं. "ताजी हायेत काय?"

"ताजी हायेत काय?" धनवंता म्हणाली. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं.

मोनालीनं वाक्य धरून दिलं, "माय, हे फुलं..."

"मागच्या सालची," माय म्हणाली.

गिऱ्हाईक हसत पुढं गेलं. मोनालीनं कपाळावर हात मारला, आणि मग तिलाही हसू आवरेना.