साळवेसाहेबांचा गुरुवारचा वर्ग

माझे सासरे नरहर साळवे फार ज्ञानी गृहस्थ आहेत, असं भोपाळच्या पिपलानीतली सगळी मराठी ख्रिस्ती मंडळी मानतात. लग्नानंतर वर्षभर मीही मानत होते.

मी नागपूरच्या हिंदू घरातली. समीरशी लग्न करून भोपाळला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "या घरात उदबत्ती लागणार नाही." बाकी कोणता देव मानायचा ते माझ्यावर सोडलं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. वाकडी रेघ सहन होत नाही, आणि दुसऱ्याची वाकडी रेघ चारचौघांत दाखवताना तोंडाला पाणी सुटतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांचा बायबलचा अभ्यासवर्ग भरायचा. दहा-बारा माणसं आणि माझा चहा. त्यात बाळू खरात असायचा, पन्नाशीचा, जवाहर चौकात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारा. जानेवारीत एकदा विषय निघाला, येशू देव की माणूस? बाळू म्हणाला, "साहेब, मला तर वाटतं, तो देवच. थोडे दिवस माणसाचा वेष घेऊन आला, एवढंच."

मला ते पटलं. लहानपणी ऐकलेल्या कितीतरी गोष्टींत देव असाच यायचा. पण सासऱ्यांनी चष्मा काढला.

"वेष? बहुरूपी होता का तो? मिशी लावून आला, खेळ संपला, मिशी काढून गेला?"

सगळे हसले. सासऱ्यांना जोर आला.

"अर्धा देव, अर्धा माणूस असंही नाही, बाळू. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. त्याला भूक लागायची, घाम यायचा, चालून पाय दुखायचे. तान्हा असताना आईनं त्याची दुपटी धुतली असतील. आपल्या या देहाची देवानं किळस केली नाही, तो देह स्वतःचा केला. हा आपला विश्वास. डोक्यात शिरत नसेल तर पंखेच दुरुस्त कर."

बाळूचे कान लाल झाले. तो खाली बघून चहा प्यायला. आणि दाराशी उभी राहून ऐकताना, खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. देवाची दुपटी! असं कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी समीरला म्हटलंही, "बाबा काय सुंदर बोलतात रे."

फेब्रुवारीत सासूबाईंना अर्धांगवायू झाला. रत्नप्रभाबाई, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत. दिवसा सुमित्रा नावाची बाई सांभाळायला यायची, बाकीच्या वेळी मी आणि समीर. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात आपला पलंग बाहेरच्या खोलीत नेला. सकाळी नाकाला रुमाल लावून ते दारापर्यंत येत, "जेवली का?" विचारत आणि उंबऱ्यावरूनच प्रार्थना करत. प्रार्थना उत्तम असायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"त्यांना जमत नाही गं," समीर म्हणायचा. "स्वभाव आहे."

मला जमत होतं ते कोणत्या स्वभावानं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी सुमित्रा लग्नाला गावी गेली आणि समीर कामासाठी इंदूरला होता. मी मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. त्या दिवशी बाहेरून तपासणीची माणसं आलेली, अर्धी रजाही मिळेना. दुपारी तीनला घरी फोन केला.

"बाबा, आईंना बघा. कपडे बदलावे लागतील. सगळं पलंगाशी काढून ठेवलंय."

"बघतो," ते म्हणाले.

साडेसहाला घरी पोचले तर फाटकातच उदबत्तीचा वास. बाहेरच्या खोलीत वर्ग रंगात आला होता आणि टेबलावर चार उदबत्त्या जळत होत्या. माझ्या कपाटात तळाशी ठेवलेल्या, माहेरून आलेल्या. मी तशीच आत गेले.

आईंच्या पलंगाशी बाळू खरात होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शेजारी बादली. आईंवर चादर घालून, स्वतःचं तोंड भिंतीकडे करून, तो चादरीखाली हात घालून अंदाजानं पुसत होता. तोंडानं गप्पा चालू होत्या. "मग काकू, मिक्सर उघडला, तर आत चमचा! बाई म्हणते, चटणी बारीक का होत नाही ते बघत होते."

आईंच्या चांगल्या हातात त्याची कॉलर घट्ट धरलेली होती.

"वहिनी, आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "पाठीला जरा हात लावा. मला एकट्याला वळवता येत नाहीत."

"बाळूभाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. काकू आवाज देत होत्या. साहेब मोठ्यानं वाचायला लागले. दोनदा म्हटलं, काकू बोलवतात. म्हणाले, ती अशीच ओरडते." त्यानं फडकं पिळलं. "माझी आई तीन वर्षं अशी होती. येतं मला."

आम्ही दोघांनी मिळून त्यांना वळवलं. दुपारपासून तशाच पडून पाठ लालबुंद झाली होती. मी औषध लावलं, कोरडे कपडे घातले आणि बादली उचलून बाहेरच्या खोलीत गेले. टेबलापाशी ती खाली ठेवली. वाचन थांबलं.

"बाबा, तुम्ही बघणार होतात."

"योगिनी, वर्ग चालू आहे." रुमाल नाकाशी गेलाच. "आणि ही बायकांची कामं आहेत."

"बाळूभाऊ बाई आहेत?"

कुणी हसलं नाही.

"देवानं देहाची किळस केली नाही, असं याच खुर्चीत बसून सांगितलंत ना? मग जन्मभर तुमचे कपडे धुतलेल्या बाईला चार पावलांवर घाणीत ठेवून उदबत्ती कसली लावता?"

"तुला यातलं काय कळतं? तू बाहेरून आलेली."

"म्हणून तर तुमचं बोलणं खरं मानलं."

माणसं एकेक करून उठली. चहाचं कुणी नावही काढलं नाही. बाळू नळावर हात धुऊन आला आणि चपला घालू लागला. तेवढ्यात सासऱ्यांनी त्याला थांबवलं. मला वाटलं, आभार मानतील.

"बाळू, हे केलंस म्हणून तुझा मुद्दा बरोबर ठरत नाही हं."

बाळूनं मान वर केली. "नाही साहेब. मुद्दा तुमचाच बरोबर होता," तो साधेपणानं म्हणाला आणि गेला.

पुढच्या गुरुवारी तिघंच आले, त्याच्या पुढच्या गुरुवारी कुणीच नाही. त्यानंतर एका सकाळी सासरे वाटीत कोमट पाणी आणि पंचा घेऊन आईंच्या खोलीत शिरले. रुमाल नव्हता. चेहरा आंबट. त्यांनी आईंचा डावा हात धरला. आईंनी तो हिसकावला आणि वाटीला असा फटका मारला की पाणी त्यांच्या सदऱ्यावर. ते बाहेर गेले. मी फरशी पुसली, आणि पुसताना मला फार बरं वाटलं.

आठवड्यानं ते परत आले. या वेळी पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं गेले आणि आईंचा उजवा हात धरला, जो हिसकावता येत नाही. तेवढी हुशारी आहे त्यांच्याकडे.

आता जून आहे. बाळू रविवारी येतो, आईंशी तासभर बोलतो, त्या त्याच्याशी हसतात. सासरे रोज सकाळी येऊन उजवा हात पुसतात, बोटांपासून कोपरापर्यंत. कोपराच्या वर अजून गेलेले नाहीत. ते पुसत असतात तोवर आई भिंतीकडे बघत राहतात.