बर्फाच्या सुळ्यांखाली थांबलेला रोबो

मित्रांनो, मी टाल्लिन शहराच्या फुटपाथवरून घरोघरी गरम सूप नि काळा पाव पोचवणारा एक जुना रोबो आहे. मला घडवतानाच शहराचे दोन नियम माझ्यात पक्के बसवले होते. रस्त्यावर उतरायचं नाही आणि माणसाला धक्का लावायचा नाही. मी ते कधी मोडले नाहीत. लोक म्हणायचे, माणसांपेक्षा हाच शहाणा. मलाही ते खरं वाटायचं, काय सांगू!

मार्चमध्ये आमच्या छपरांना बर्फाचे लांब सुळे लटकतात. एखादा डोक्यात पडला की माणूस संपलाच. म्हणून झाडलोटवाले भिंतीला तिरकी फळी टेकवतात आणि ती पाहून लोक रस्त्यावरून वळसा घालतात. फळीचा अर्थ मला कुणी शिकवलाच नव्हता. मी खालून शिरलो आणि माझ्या डोक्यावरच्या झेंड्याच्या काठीत अडकून ती पडली.

मागून लेइदा आजी वॉकर ढकलत आल्या. फळी दिसली नाही, म्हणून त्याही शिरल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा बर्फ. पुढे बर्फाचा ढिगारा कोसळलेला, वाट एकच, माझ्यासमोरच्या फटीतून रस्त्यावर उतरणारी. मी थांबलो. मागे आजी, म्हणून मागेही सरकता येईना. आमच्या लोकांना वाट मागायचीसुद्धा भीड वाटते. आजी गप्प उभ्या राहिल्या. वर टपटप वाढली.

झाडलोटवाला उनो रस्त्यावरून धावत आला. "आजी, मागे फिरा!"

"वॉकर वळत नाही रे बाबा. हा गेला की जाते."

दूर कचेरीत बसून माझ्या कॅमेऱ्यातून पाहणारी केर्तू वरिष्ठांना विचारत होती, उतरवू का याला रस्त्यावर? थांब, विचारून सांगतो, असं उत्तर आलं. तेवढ्यात वर कडकन आवाज झाला. मी फार घाबरलो, मित्रांनो, पण माझं चाक हलेना. केर्तूने मग कुणाची वाट पाहिली नाही. तिने मला थेट रस्त्यावर उतरवलं, उनोने आजींना पुढे ओढलं आणि मागे वॉकरचा चुराडा झाला.

पुढे चौकशी झाली. नियम मोडला म्हणून केर्तूला कामावरून काढलं. आजी शहराच्या सभेत उभ्या राहिल्या.

"त्या फुटपाथवर रोज मी चालते. नियम लिहिताना मला कुणी विचारलं होतं का?"

मित्रांनो, उद्या तुम्ही नियम कराल, तेव्हा आधी तिथे चालणाऱ्यांना विचारा. फळी मी पाडली, वाट मी अडवली, आणि अहवालात माझ्या नावापुढे 'निर्दोष' असं लिहिलंय. तो शब्द कुणीतरी खोडा.