रुचिताला न केलेला फोन

कळ ओसरली. दिव्याने पलंगाची कड सोडली, कपाळावरचे केस मागे सारले आणि धापा टाकत म्हणाली, "समिधा, रुचिताला बोलावतेस का गं?"

तिच्या कमरेवर दाबून धरलेला समिधाचा तळहात जागच्या जागी थिजला.

"बोलावते," ती म्हणाली. तोंडावर हसू होतं, आत मात्र मिरच्या झोंबत होत्या.

समिधा डूला. म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणारी. औषधपाण्याशी तिचा संबंध नाही, बाळाला हात लावायचं काम डॉक्टरचं. कळा सुरू झाल्या की जवळ राहायचं, पाठ दाबायची, धीर द्यायचा. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सोबतीला बसायला कोर्स लागतो होय? आमच्या वेळी शेजारीण बसायची की." तेव्हापासून समिधालाही मनातून वाटायचं, खरंच, आपल्याला येतं तरी काय?

रुचिताचं तसं नव्हतं. दोघींनी एकाच वर्गात शिक्षण घेतलं, पण रुचिता बोलायला लागली की अख्खा वर्ग मान डोलवायचा. असा आवाज, की ऐकणाऱ्या बाईला वाटावं, आपण आत्ताच बाळंत होऊ आणि वर हसत घरी जाऊ. मीरा रोडपासून उत्तनपर्यंत बायका तिलाच विचारत. दिव्यासुद्धा आधी तिच्याकडेच गेली होती. रुचिताकडे जागा नव्हती, म्हणून तिने तिला समिधाकडे पाठवलं. पहिलंच काम, तेही रुचिताच्या ताटात न मावलेलं! वर ती मोठ्या मनाने म्हणाली होती, "काही अडलं तर फोन कर, तुझी बदली म्हणून मी आहे." प्रत्येक डूलाला अशी एक बदली ठेवावीच लागते. पण बदलीला बोलावलं की बाळंतपण तिचं झालं, असंच समिधाच्या डोक्यात बसलं होतं.

ती बाहेर आली. फोन कानाला लावला. नंबर मात्र लावला नाही.

बाकावर दिव्याचा नवरा निकेत बसला होता. त्याला आत चक्कर येत होती, आणि नर्सिंग होमचा नियम होता की आत एकच जण. "लागला का?" त्याने विचारलं.

"नेटवर्क नाहीये."

"माझं तर फुल आहे. हा घ्या."

"नको, तीच बिझी असेल," समिधा म्हणाली आणि आत सटकली. दिव्यालाही नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. दिव्याचा चेहरा पडला. तिचं उतरलेलं तोंड पाहून समिधाला अपराधी वाटायला हवं होतं; वाटला तो आणखी मत्सर. मी इथे सकाळपासून उभी आहे, आणि हिला हवी ती!

तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणाचं तरी नुकतं जन्मलेलं बाळ रडलं, आणि पान्हा फुटून समिधाची कुर्ती भिजली. घरी तिची स्वतःची पोर अजून अंगावर पीत होती. ती ओढणी पुढे घेते न घेते तोच फोन खणखणला.

सासूबाई. "अगं, ही बाटलीला तोंडच लावत नाहीये. रडून लाल झालीय. आम्ही नवघरवरून रिक्षात बसलोय, येतोय तिकडेच."

फोन बंद झाला. दिव्या टक लावून बघत होती. "नेटवर्क आलं वाटतं."

आता पाजायला बाहेर जायचं म्हणजे दिव्याला एकटं टाकायचं. समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी फोन केलाच नव्हता, दिव्या. ती आली असती तर तू माझी राहिली नसतीस."

दिव्याने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग पोट धरून हसायला लागली. "अगं बाई! निकेतला ऐकव हे. त्याला वाटतं मला कोणी भावच देत नाही!"

"पण तुला तीच का हवीय?"

"ती बोलते ना छान. तुझ्या तोंडाकडे बघितलं की वाटतं, हिलाच कुणीतरी धीर द्यायला हवा." आणि पुढची कळ यायच्या आत, "कर आता. खराखुरा."

रुचिताने लगेच उचलला. "काशीगावातून निघालेच. सांग, कशी आहे ती?"

काम सोपवताना सगळं सांगावं लागतं. समिधा सांगत गेली. "कळ चालू असताना एक अक्षर बोलू नकोस, चिडते. केसांवरून हात फिरवायचा नाही. कमरेत डावीकडे, अगदी खाली दाब. दार उघडलं की दचकते, म्हणून दार आणि तिच्यामध्ये उभी राहा. आणि 'नाही जमत' म्हणाली तर समजवायला जाऊ नकोस. तिला फक्त पाणी हवं असतं."

"मी असं करते?" पलंगावरून दिव्याचा आवाज आला.

पलीकडे रिक्षा सुरू झाल्याची घरघर आली. मग रुचिता म्हणाली, "बरं. बरंच कळलंय की तुला." जरा कोरडंच. समिधाने तो सूर ओळखला. इतके महिने रुचिताचं कौतुक ऐकताना तिचा स्वतःचा आवाज अस्साच निघायचा.

सासूबाई लेकीला घेऊन पोचल्या, मागोमाग रुचिता आली आणि आत गेली. समिधा बाहेर बाकावर ओढणीआड लेकीला पाजत बसली. दारामागून तो मधाळ आवाज येत होता, आणि घोटागणिक समिधाचा जीव आत-बाहेर होत होता.

"काय गं, ही दुसरी आत का?" सासूबाईंनी विचारलं. "तुझ्यात काय कमी आहे?"

"काही नाही, आई," समिधा म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच चमकली.

आतला आवाज मध्येच थांबला. दार उघडून रुचिता बाहेर आली, नाक लाल. "जा बाई तू. मला म्हणते, समिधाने सांगितलंय ना गप्प राहायचं!" मागून सिस्टर ओरडली, "एकच जण हं! लवकर!"

समिधा उठली, तशी रुचिताने हात पसरले. परक्याला बघून भोकाड पसरणारी समिधाची पोर खुशाल रुचिताच्या कडेवर गेली, वर खुदकन हसली.

"बघ की, कशी गेली!" सासूबाई म्हणाल्या.

समिधाच्या छातीत पुन्हा चटका बसला. बसू दे, तिने मनात म्हटलं, आणि दार लोटून आत गेली.

दिव्या पलंगाच्या कडेवर ओणवी होती. तिने वळून पाहिलंही नाही. नुसता हात मागे केला, आणि समिधाने तो धरला.