चार बोटं बाहेर

ऑपरेशननंतर माझं चव्वेचाळीस किलो वजन गेलं, पण हृदयाला ते कुणी कळवलं नाही. ते अजून जुन्या अंगाच्या काठापर्यंत रक्त पाठवतं. माझी नाडी मनगटावर लागत नाही. मनगटापासून चार बोटं लांब, हवेत लागते. हे रोज सकाळी तिथे बोट ठेवून मोजतात.

डॉक्टर कुलथेंनी हवेलाच पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला.

"रक्तवाहिन्या छान मऊ झाल्यात. दाबही उतरलाय. फक्त हृदय आत यायला हवं. उद्या संध्याकाळपर्यंत बोलवून घ्या, नाहीतर यांचं अंग कोरडं पडेल."

"कसं बोलवायचं?" यांनी विचारलं.

"ते घरचं माणूसच जाणे."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी नखं पांढरी पडली. माझ्या नणंदबाई प्रमिलावन्सं कासारणीला घेऊन आल्या. "घट्ट बांगड्या भरू, वहिनी. अंग कुठवर आहे ते कळेल हृदयाला."

चंपाक्का कासारणीने माझा डावा हात मांडीवर घेतला.

"दोन-दहाच्या मापाचा हात व्हता गं तुझा. आता दोन-चार! निम्मी माहेरी ठिवून आलीस का काय?"

बांगडी हवेतच अडली. चंपाक्काने हवा चोळली, दाबली, मुठीत गोळा केली. मला दुखलं. काच करकरली.

"वाढू नगं गं माझे बाई," ती बांगडीला म्हणाली.

बांगडी सरकली. मनगटात एक ठोका पडला, मग दुसरा. नखांवर गुलाबी चढलं. वन्संनी डोळ्याला पदर लावला.

उजव्या हाताची बांगडी वाढली. दुसरीही वाढली. चंपाक्काने तुकडे पदरात घेतले आणि तेवढ्यात तिच्या पेटीतल्या मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या उठल्या. एकेक करून त्या माझ्या हाताबाहेर, हवेत चढल्या आणि नीट बसल्या.

डावीकडचा ठोका थांबला.

यांनी हिरव्या बांगड्यांपाशी बोट ठेवलं. ओठ हलवत मोजलं. "बहात्तर," ते हसून म्हणाले. "अगदी उत्तम."

"मी इकडे आहे," मी म्हणाले.

"बोलू नकोस. दम लागेल," ते बांगड्यांना म्हणाले.

वन्संनी कुंकवाचा करंडा आणला. माझ्याकडे पाहिलं, मग थोडं वर.

"वहिनी, मान वर करा."

मी मान वर केली. त्यांचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलंच नाही. चार बोटं अलीकडेच टेकलं, आणि कुंकू तिथे राहिलं.