वहिनींचे तलवारबहाद्दर आणि माझा जळफळाट

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायानं चालणारी, काळ्या रंगाची. अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती कोपरं घासून घासून अर्धी गेली. मित्रांनो, माझ्या जातीच्या मशिनींनी तुम्हाला आपल्या कष्टांच्या गोष्टी सांगितल्या असतील. कष्ट मीही उपसले. पण मला सांगायची आहे ती माझ्या जळफळाटाची गोष्ट. कष्टांनी मी जेवढी झिजले नाही, तेवढी त्यानं झिजले.

माझा जन्म एका लांबलचक, धुरकट कारखान्यात झाला. तिथं मला ओतलं, घासलं, रंगवलं. शेवटी एका तपासनीस बाईनं माझ्या सुईखाली लाल चिंधी सरकवली, वीसेक टाके घातले आणि ती पुटपुटली, "ही गुणाची आहे." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मग गवतानं भरलेल्या खोक्यात बसून मी मास्तरांकडे आले.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. तेव्हा ते पंचविशीचे असतील. अंगानं काडी, पण हात असा, की कापडालाही वाटावं, आपल्याला यांनीच कापावं. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. मला खिडकीशी मांडलं होतं, कारण तिथं उजेड चांगला. रोज सकाळी मास्तर माझ्या कानात, म्हणजे तेलाच्या भोकांत, दोन-दोन थेंब सोडायचे आणि मगच चहा घ्यायचे. आधी मी, मग चहा! सांगा, अशा मशिनीचं डोकं चढणार नाही तर काय होणार?

पुढं मास्तरांचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. त्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरीला होत्या. संध्याकाळी घरी आल्या, की हातपाय धुऊन माझ्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसायच्या. मास्तर शिवायचे, त्या काजं-बटणं करायच्या आणि खिडकीवरचं दिवसभराचं सगळं सांगायच्या. एक म्हातारा रोज दुसऱ्याच नावानं पेपर काढतो. एक बाई स्वतःचं दुखणं सांगायला लाजते आणि शेजारणीचं म्हणून सांगते. मास्तर हसले, की त्यांचा पाय पायडलवर हळू पडायचा, आणि मग मलाही नीट ऐकू यायचं. ती संध्याकाळ आम्हा तिघांची होती. निदान मी तसं धरून चालले होते.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग आतल्या खोलीत व्हिडिओ आला.

वहिनींनी तो आपल्या हौसेनं आणला. चपटा, राखाडी रंगाचा, तोंडात कॅसेट घालायची फट आणि कपाळावर लुकलुकणारा हिरवा दिवा. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याकडून वहिनींनी एक जुना इटालियन सिनेमा आणला. चुकून आणला होता म्हणे. पण तो पाहिला आणि बाई पुरत्या नादावल्या.

मी दाराच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. उघड्या अंगाचे दांडगे वीर, कमरेला आखूड घागऱ्यासारखं काहीतरी, पायांत गुडघ्यांपर्यंत पट्ट्या आवळलेल्या चपला आणि हातात तलवारी. एक दुष्ट राजा. कैदेतली राणी. शेवटी अख्खा महाल कोसळायचाच. बोलणाऱ्यांचे ओठ एका भाषेत हलायचे आणि आवाज दुसऱ्याच भाषेत यायचा. ओठ मिटले तरी वाक्य चालूच! वहिनींना अर्धं कळायचं, उरलेलं त्या स्वतः ठरवायच्या. त्या या सिनेमांना 'तलवार-चपला' म्हणायच्या. आठवड्याला एक, मग दोन, मग रोज.

आणि माझ्या डाव्या अंगाचं स्टूल रिकामं पडलं.

मी काळी ठिक्कर, त्यामुळं जळून आणखी काळी झाले तरी कुणाला कळलं नाही. तो व्हिडिओ करत काय होता? कॅसेट गिळायचा आणि ओकायचा. एक टाका तरी घालता येत होता का त्याला? पण वहिनी त्याच्यासमोर बसून खदखदून हसायच्या, आणि ते हसू भिंतीपलीकडून माझ्याकडे शिळं होऊन यायचं. त्यावर कडी म्हणजे, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून त्याचं झाकण शिवायचं काम माझ्याच माथी आलं. निळं मखमली कापड, कडेनं झालर. मला कधी मेणकापडाच्या पलीकडं काही मिळालं नव्हतं. त्या झाकणापायी माझी सुई दोनदा मोडली. लोखंडाला मुद्दाम काही करता येत नाही, असं माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

मित्रांनो, या आगीत मी एकटी नव्हते. मास्तरही पोळत होते.

शेजारच्या सलूनवाल्यानं त्यात तेल ओतलं. एकदा विजारीचं माप द्यायला आला आणि डोळा घालून म्हणाला, "मास्तर, वहिनींना आता पैलवानच लागतात म्हणे! सांभाळा बुवा."

मास्तर हसले, पण नुसते दातांनी. तो गेल्यावर त्यांनी दार लोटलं, गळ्यातली मापाची पट्टी काढून स्वतःच्याच छातीला गुंडाळली आणि आरशात पाहिलं. श्वास भरून पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक शर्ट शिवला आणि खांद्यांत आतून कापसाच्या गाद्या घातल्या. तो शर्ट मीच शिवला, म्हणून मला ठाऊक. संध्याकाळी ते तो घालून वहिनींसमोरून तीनदा गेले.

चौथ्या वेळी वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, खांदे दुखतायत का? उचलून काय चालताय?"

तो शर्ट पुन्हा दिसला नाही.

मग पत्रं येऊ लागली. दुसऱ्या गावचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, त्यांनाही हेच वेड. कॅसेटवाल्यानं दोघांची गाठ घालून दिली होती. चार-चार पानी पत्रं यायची आणि वहिनी ती वाचताना एकट्याच हसायच्या. एकदा त्या डॉक्टरांनी आपल्याकडची एक कॅसेट पाठवली. आंधळी राणी आणि सात बुरुजांचा सिनेमा. वहिनी त्याला नुसतं 'बुरुजवाला' म्हणायच्या. तो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. त्यातलं संगीत वाजायला लागलं, की मास्तरांचा पाय पायडलवर असा आपटायचा, की माझे सांधे खिळखिळे व्हायचे.

एका रविवारी दुपारी वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. मास्तर कोट बेतत होते. त्यांनी एकदम कात्री खाली ठेवली, माझ्या खणातून चिकटपट्टी काढली आणि ते आत गेले. मित्रांनो, कॅसेटीच्या पाठीला एक छोटी खाच असते. ती उघडी असली, की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. त्या खाचेवर मास्तरांनी पट्टी चिकटवली, कॅसेट व्हिडिओच्या तोंडात सारली आणि ती जिथं थांबलेली होती तिथूनच टीव्हीवर जे चाललं होतं ते तिच्यावर भरायला लावलं. मग बाहेर येऊन कोट शिवू लागले. त्या दिवशीचे टाके वाकडे आले. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भर बाबा, भर, मी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी कॅसेट लावली. पहिली दहा-बारा मिनिटं ठीक गेली. राणी बुरुजावर आली, हात वर केला, बोलायला तोंड उघडलं, आणि एक गृहस्थ म्हणाले, "कुंडीतली माती वर्षातून एकदा तरी बदलावी."

वहिनींनी कॅसेट पुढं पळवली. कुंड्या. आणखी पुढं. खत.

"अहो, हे काय?"

"वीज गेली होती काल," मास्तर दारातून म्हणाले. "तेव्हा काहीतरी झालं असेल."

वहिनींनी कॅसेट काढली, उलटी केली, आणि नखानं ती पट्टी सोलली. कागदी बेत जोडायला मास्तर वापरायचे तीच ती पट्टी. तिला खडूची पूड लागलेली होती.

"वीज पट्टी लावून गेली का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता. "कॅसेट माझी नव्हती हो. त्यांची होती. विश्वासानं दिली होती."

त्यानंतर नऊ दिवस वहिनी मास्तरांशी बोलल्या नाहीत. व्हिडिओ मखमलीखाली मुका बसला. झालं ना माझ्या मनासारखं? पण स्टूल रिकामंच राहिलं. नोकरीवरून आल्या, की वहिनी मागच्या पायरीवर जाऊन बसायच्या. मी जिंकले होते आणि माझ्या पदरात शून्य पडलं होतं. एकाच्या तोंडचा घास काढला म्हणून तो दुसऱ्याच्या ताटात पडतोच असं नाही, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं.

दहाव्या दिवशी मास्तरांनी माझ्या फळीवर कागद ठेवून डॉक्टरांना पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्यावर दोनच ओळी होत्या. 'तुमची कॅसेट मी मुद्दाम पुसली. माझ्या पत्नीचा त्यात काही दोष नाही.'

आठवड्याभरात डॉक्टर स्वतःच दारात उभे राहिले. मास्तरांनी मनात कोण धिप्पाड गडी रंगवला होता कोण जाणे. आले ते माझ्या चाकाएवढे गृहस्थ, एका कानात यंत्र, हातात पिशवी. मास्तर उठून उभे राहिले आणि हात जोडले.

"दुसरी प्रत नाही माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "अकरा वर्षं शोधून ती एक मिळाली होती. कुणाकडे असलीच तर मला माहीत नाही."

मग ते वहिनींकडे वळले. "ताई, तुम्ही किती वेळा पाहिलात?"

"चौदा."

"मी नऊ. म्हणजे तो तुमच्याकडेच जास्त शिल्लक आहे. लिहून काढा. शब्दन् शब्द नको, जेवढा आठवतो तेवढा."

वहिनींनी थोडा विचार केला. "मी सांगेन," त्या म्हणाल्या. "पण लिहायचं ह्यांनी."

अशी ती शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्याच संध्याकाळी वहिनी स्टूल ओढून माझ्या डाव्या अंगाला येऊन बसल्या. मास्तरांनी माझ्या फळीवर वही उघडली. पहिले दोन दिवस त्या पाढे सांगावेत तशा कोरड्या सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी लिहिता लिहिता विचारलं, "राणीचा झगा खांद्यावर कसा धरलाय? पिन, की शिवण?"

वहिनी थांबल्या. "पिन. पण एकदा पिन निसटते आणि तिला एका हातानं तो धरून सगळं भाषण करावं लागतं."

मास्तरांना हसू फुटलं. वहिनींनाही. मग मास्तरांनी पेन ठेवलं आणि जे दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला यात एवढं दिसतं तरी काय? ते दंड?"

"दंड?" वहिनी म्हणाल्या. "अहो, तो वीर पोट आत ओढून उभा असतो बिचारा, श्वास सोडला की सुटतं. आणि तो एवढाले धोंडे फेकतो ना, ते जमिनीवर पडून उड्या मारतात! मागच्या रांगेत एक शिपाई आहे, एकाच लढाईत तीनदा मरतो. मी आणि डॉक्टर त्याच्यावरच तर पानं भरभरून लिहायचो." मग त्यांचा आवाज खाली आला. "दिवसभर माझ्या खिडकीशी माणसं येतात. दुखणं सांगतात. मी नंबर लिहिते आणि पुढं पाठवते. त्या सिनेमात पण माणसं येतात, गाऱ्हाणं सांगतात. तो ऐकतो, उठतो आणि तुरुंगाचं दार उचलून फेकून देतो. मला तेवढंच बघायचं असतं."

मास्तरांनी वही मिटली. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? पोराटोरांसारखे खांदे फुगवत हिंडलात."

वही भरायला दोन महिने लागले. मास्तरांनी समासात झगे, चिलखतं आणि चपलांच्या पट्ट्या काढल्या. मग सगळी पानं एकावर एक रचून त्यांनी माझ्या सुईखाली धरली. तेवढी जाड थप्पी मी कधी शिवली नव्हती. मास्तरांनी चाक हातानं फिरवलं, एकेक टाका, सावकाश. ती वही डॉक्टरांकडे गेली आणि डॉक्टरांचं पत्र आलं, की सातवा बुरुज मी विसरलोच होतो, तुमच्या वहीनं आठवला.

मित्रांनो, मी सुधारले असं म्हणावंसं वाटतं. पण खरं सांगते, त्या दोन महिन्यांत मी त्या पेनावर जळत होते. वहिनी परत आल्या होत्या, पण मास्तरांच्या हातात ते होतं आणि माझं चाक उभं होतं. शेजारी कोट अर्धवट पडलेले. जळण्याची खोड लागली, की तिला कारण लागत नाही.

पुढं मास्तरांचे गुडघे गेले. विजेवर चालणारी मशीन आली. तिच्यावरही मी यथास्थित जळले. मला आतल्या खोलीत नेलं, माझं डोकं आत दुमडलं, फळी बंद केली, आणि तिच्यावर कुणाला बसवावं? त्या व्हिडिओला. तोही आता बंद पडला आहे. दोघं मिळून धूळ खातो. त्याच्या पोटात जुनी मोटर आहे, माझ्या पोटात जुनं चाक. इतक्या वर्षांत मला त्याच्याबद्दल एवढंच कळलं, की तोही कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून आहे.

म्हणून विनंती करते, मित्रांनो. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल तर महिन्यातून एकदा त्याला तेलाचे दोन थेंब द्या. आणि तुमचं जवळचं माणूस कशात तरी रमलं आणि तुमच्या पोटात दुखू लागलं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, 'तुला यात काय दिसतं?' मला नाही विचारता आलं. मला जीभ नव्हती. मास्तरांना होती, तरी दोन वर्षं गेली.

तुम्हाला आहे. आजच विचारा.