स्वप्नातला घोगरा आवाज

मिस्त्रींचे कान करवतीच्या यंत्रानं खाल्ले. कानात बोळे घाला म्हणून बायको कानीकपाळी ओरडायची, तेव्हा ऐकू येत असून त्यांनी ऐकलं नाही. आणि ऐकायची अक्कल आली तेव्हा ऐकू येईनासं झालं. आता ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. नात, बबडी, जन्मली ती त्यानंतर. तिच्या बडबडीनं सगळं घर बेजार असायचं आणि या माणसाच्या कानी त्यातला एक शब्द पडला नव्हता. खंत होती, पण बोलून दाखवतील तर ते मिस्त्री कसले.

आज पहाटे स्वप्नात बबडी बोलली. दारातून डोकं आत घालून म्हणाली, "पुरे झालं ठोकणं, चहा निवतोय." आवाज घोगरा, शेवटचा शब्द किंचित ओढलेला. जाग आली तरी मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. छाती आनंदानं भरून आली होती आणि ती तशीच राहावी असं वाटत होतं.

सकाळी रंधा मारतानाही स्वारी खुशीत. मिस्त्रीणबाईंना पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं. त्यांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. पुढचा प्रश्न मात्र विचारवेना. बबडीचा आवाज खरंच तसा नसला, तर हाती आलेलं परत जाणार. आणि बायको म्हणजे एक घाव दोन तुकडे. खोटी समजूत घालणं तिला जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलंच.

"छे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तिचा आवाज बारीक आहे. शिट्टीच जणू."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते पुन्हा रंधा उचलायला वाकले, तसं बाईंनी त्यांचं कोपर धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"घोगरा म्हणालात ना? शेवट ओढलेला? अहो, तो माझा आवाज. चहा निवतोय म्हणून या घरात दुसरं कोण ओरडतं?"

बायकोचा आवाज आठवायचा मिस्त्रींनी किती वेळा प्रयत्न केला होता. नुसते हलणारे ओठ आठवायचे. शेवटी त्यांनी त्यावर पाणी सोडलं होतं.

"मला वाटलं, विसरलो मी."

"विसरायला मी कधी गप्प बसलेय का?" बाईंचे डोळे भरले होते.

"चांगला आवाज आहे गं तुझा."

"हे आता सांगताय. ऐकू येत होतं तेव्हा डोकं उठतं म्हणायचात."

बाईंचे ओठ हलले आणि या वेळी त्यांच्यासोबत आवाजही आला. घोगरा, शेवटी ओढलेला. तो बाहेरून येत नव्हता हे मिस्त्रींना कळत होतं, पण त्याची तक्रार कोणाला होती? आभार नेमके झोपेचे मानावेत, नातीचे, की या बाईचे, ते त्यांना उमगेना.

"बोल," ते म्हणाले. "काहीही बोल, पण थांबू नकोस."

असं बाईंना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मिस्त्रीणबाईंनी पदर खोचला, घरभर उडालेल्या भुशापासून सुरुवात केली, आणि मिस्त्री ऐकत राहिले.