रेच्यांपाशी ऐकलेलं

समाजकार्याच्या पोरांकडून मी एकच गोष्ट घोकून घेते: कामगाराशी बोलायचं ते शांत खोलीत. एवढं शिकवून सुवर्णाला नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये प्रशिक्षणाला आणलं, तर ती पहिल्याच दिवशी माझ्यावर उलटली. "मॅडम, मालकाच्या केबिनमधी नको. तिथं बायाइले फक्त काढून टाकाले बोलावतात."

"मग काय रस्त्यावर बसायचं?" मी खेकसले. माझा राग नाकावरच असतो, पोरांना सवय आहे.

प्रश्न चांगुणाबाईंचा होता. रेच्यांत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांत, कापूस टाकताना त्यांच्या मागेच त्यांची जोडीदारीण सुभद्राबाई कोसळल्या आणि जागीच गेल्या. त्यांनी हाक मारली असणारच, पण यंत्रांच्या घरघराटात ती चांगुणाबाईंना ऐकू आली नाही. तेव्हापासून त्या रोज फाटकापर्यंत यायच्या आणि अक्षर न बोलता परत जायच्या. मालक हिंमतराव वाईट नव्हते, पण हंगाम भरात होता. "आज कामाले लागली नाही, तर उद्या दुसरी बाई लावतो," त्यांनी सांगून टाकलं.

केबिनमध्ये मी गोड बोलून पाहिलं, पाणी दिलं. चांगुणाबाई फरशीकडे बघत राहिल्या. शेवटी मी हात टेकले.

सुवर्णा उठली. "मावशी, चाला, तुमची जागा दाखवा मले."

तिनं त्यांचा हात धरला आणि दोघी सरळ रेच्यांकडे निघाल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

तिथे शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही, बाया हातवारे करूनच बोलतात. आपल्या जागेवर पोचताच चांगुणाबाईंचं तोंड उघडलं. मग त्या बोलतच सुटल्या, रडत, ओरडत, छाती पिटत. सुवर्णा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. केसांवर कापूस बसला, तरी तिनं ना हात सोडला ना नजर. मी दारात थक्क होऊन पाहत होते. इतकी वर्षं शिकवतेय, पण असं ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मग चांगुणाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कापसाला हात घातला.

सुवर्णा बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"काय मालूम, मॅडम. एक शब्द ऐकू नाही आला."

जेवणाच्या सुट्टीत चांगुणाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"पोरीले उद्या बी आणसान ना, मॅडम? माहं समदं ऐकलं तिनं."

"आणते," मी म्हणाले.